झाडलेला खड्डा

त्या उन्हाळ्यात बाबा बैलजोडी घेऊन माळशिरसकडं गेले. तिकडं कालव्यावर ऊस होता आणि वैरणीला उसाचं वाढं मिळत होतं. आमच्या सांगोल्याच्या बाजूला सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, जनावराच्या तोंडात घालायला काडी उरली नव्हती. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीरामतात्या आमच्या दारात येऊन बसले. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आई आत चुलीपुढं होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्याकडं रीत नव्हती, म्हणून तात्या माझ्याकडं बघून आईशी बोलत आणि आई माझ्याकडं बघून तात्यांशी.

"शालन, तुज्या आईला सांग, उद्यापासनं माज्या टोळीत यायचं. दोगींनी पाट्या उचलायच्या. पगार मी आनून दीन."

गावाच्या वरच्या अंगाला, ओढा दोन टेकाडांच्या मधून येतो तिथं सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं. खणायचं, पाटी भरायची, बांधावर नेऊन टाकायची. मजुरी टोळीला मिळायची, टोळीनं किती माती खणली त्यावर, आणि ती टोळीच्या मुकादमाच्या हातात पडायची. तात्या मुकादम होते. त्यांची बायको, आमची मथुराचुलती, पहिल्या दिवसापासून त्यांच्या टोळीत पाट्या वाहत होती आणि घरात मीठ संपलं तरी पैशासाठी तात्यांपुढं हात पसरून उभी राहत होती.

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"त्यास्नी सांग, आमी आमची टोळी करतो."

"खणनार कोन? हिचा बाप हाय का हितं?"

"त्यास्नी सांग, मी खणनार."

तात्या हसले. उठता उठता धोतराचा सोगा झटकून ते मला म्हणाले की बाईमाणसानं टिकाव मारला तर पाऊस त्या गावाकडं वळून बघत नाही, हे तुझ्या आईला ठाऊक नसेल तर तू सांग.

"आजवर कुना बाईनं मारला न्हवता," आई तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "मग दोन सालं कुटं गेला हुता, इचार की त्यास्नी."

मी विचारलं नाही. मी सतरा वर्षांची होते. शाळा सुटली होती, लग्न ठरत नव्हतं, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

ज्यांच्या घरात खणणारा गडी नव्हता अशा बायका आईनं दोन दिवसांत गोळा केल्या. अजीजा, तिचा नवरा हुसेनसाब हमाली करायला सोलापूरला गेलेला, तिच्या अंगावर पिणारं पोर. बजाबाई, म्हातारी विधवा, दातांना मशेरी लावल्याशिवाय हात न हलवणारी. धनगरवाड्यातल्या दोघी जावा, ज्यांचे गडी मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघून गेले होते. कामावरचे ओव्हरसियर बिराजदारसाहेब अक्कलकोटकडचे, वयानं लहान, उन्हानं नाकाची सालं निघालेले. त्यांनी आईकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सरकारला मातीशी मतलब. खणा." आईच्या नावानं, गोजाबाईची टोळी म्हणून आमची नोंद झाली. मिस्त्री लालसाब यांनी आम्हाला दोन टिकाव, एक फावडं आणि पाट्या दिल्या आणि ओढ्याच्या कडेला एक खोलगट जागा चुन्यानं आखून दिली. बाकीच्यांनी नको म्हणून सोडलेली.

पहिल्या दिवशी सगळ्या टोळ्यांना गोळा करून लालसाबनी काम समजावून सांगितलं. पुढं पुरुष उभे होते, त्यात तात्या, त्यात गावातले आणखी सासरे-दीर. आम्ही पदर ओढून मागं, बांधाच्या पलीकडं उभ्या राहिलो. वारा आमच्याकडून तिकडं वाहत होता. लालसाबचे हात हलताना दिसले, बोलणं ऐकू आलं नाही. आई म्हणाली, खणायचंच हाय की, त्यात काय ऐकायचं.

आणि आम्ही खणलं. आई आणि बजाबाई आळीपाळीनं टिकाव मारत. आईनं पदर कमरेला करकचून खोचला होता. टिकाव डोक्याच्या वर जायचा, क्षणभर थांबायचा, आणि खाली येताना तिच्या तोंडातून एक हुंकार निघायचा. आम्ही चुंबळीवर पाटी घेऊन बांधाकडं धावायचो. ऊन डोक्यात शिरायचं, घशात माती, दुपारी वाटलेली सुकडी जिभेला चिकटायची. पण मी माझ्या आयुष्यात इतकी खूश नव्हते. संध्याकाळी अंगाचा प्रत्येक सांधा दुखत असताना रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरीसुद्धा गोड लागायची. टँकरपाशी पाणी प्यायला गेलं की पुरुष टोमणे मारत. एकानं विचारलं, टिकावाला हळदकुंकू लावलं का. बजाबाई चूळ भरून त्याच्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, "लावलं की. तुज्या बायकूनं मागून नेलं."

एक गोष्ट आम्हाला कळत नव्हती. पुरुषांच्या प्रत्येक खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट उभा होता. माणूस बसेल एवढा रुंद, न खणलेला. आईनं तो बघितला आणि तोंड वाकडं केलं. कठीण लागलं असेल म्हणून सोडून दिलं, म्हणाली. हे पुरुष रान नांगरतानासुद्धा कोपरे तसेच ठेवतात. आमच्या खड्ड्यातही लालसाबनी मधे चुन्याची एक छोटी चौकट आखली होती. ती नजरचुकीनं आखली असेल असं धरून आईनं पहिल्या दिवशीच तो भाग खणून काढला.

आठवड्याच्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खड्ड्याचा तळ खळ्यासारखा केला. ढेकूळ फोडलं, कडा तासल्या. धनगरवाड्याच्या जावांनी तरवडाच्या फांद्यांचा खराटा बांधला आणि तळ झाडून काढला. वर उभं राहून बघितलं तर ज्वारीची मळणी करावी इतका साफ. त्या रात्री आई झोपेत हसली.

दुसऱ्या दिवशी बिराजदारसाहेब फीत घेऊन खड्ड्याच्या काठावर आले, खाली बघितलं, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"खुंट कुठाय?"

आईला आधी कळलं नाही. लालसाबनी कपाळावर हात मारला. मग साहेबांनी सांगितलं, रागावून नाही, थकून. जमीन आधी किती उंच होती ते कळावं म्हणून मधे खुंट ठेवायचा. त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजायचं. तो नसेल तर किती खणलं ते कळणार कसं?

"काठावरनं मोजा की," अजीजा म्हणाली.

"ही जागा आधीच खोलगट होती. किती खोलगट, कुणी सांगावं?"

लोक जमले होते. तात्या पुढं आले. "साहेब, तितं म्हैस बसंल एवडा खड्डा आदीच व्हता. आमी लहानपणापास्नं बगतोय. ह्यांनी नुसता झाडलाय."

हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, आता रांगोळी घाला. मी आईकडं बघितलं. तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. ती खड्ड्यात उतरली आणि जिथून तिनं पहिल्या दिवशी तो भाग खणला होता तिथं जाऊन उभी राहिली, जणू तिथं काही सापडेल.

साहेब म्हणाले, माप नाही तर मजुरी नाही, आणि ज्या टोळीचं माप निघत नाही ती टोळी मोडून बायकांना बाकीच्या टोळ्यांत वाटून द्यावं लागेल. तात्या मला म्हणाले, "शालन, तुज्या आईला सांग, माज्या टोळीत अजून जागा हाय."

मग आई बोलली, थेट साहेबांशी. "साहेब, उद्या दुसरीकडं आखून द्या. आमी तुमच्या म्होरं खणतो. एका दिसात किती निघतंय बगा आनि त्यावरनं आठवड्याचं धरा."

साहेब विचारात पडले. शेवटी त्यांनी झाडलेला खड्डा सगळ्यात उंच काठावरून मोजून घेतला आणि म्हणाले, "ठीक. पण नीट ऐका. तुम्ही खणलेलं ह्या मापापेक्षा जास्त असूच शकत नाही. उद्याच्या कामावरून आठवड्याचा हिशेब केला आणि तो ह्याच्या वर गेला, तर तुम्ही उद्यापुरता जोर केलात असं मी धरणार. टोळी मोडली. निम्म्याच्याही खाली आला तरी मोडली. मधे आला तर जेवढा आला तेवढी मजुरी, आणि टोळी राहील."

कुठं आखायचं यावर तात्यांनी लगेच जागा दाखवली, कशी सपाट आहे बघा म्हणाले, चेहरा अगदी साधा ठेवून. चुन्याची रेघ तिथं पडली. मधे खुंटाची चौकट पडली. त्याभोवती लालसाबनी मुद्दाम दोनदा चुना टाकला.

घरी जाताना बायकांना आई एवढंच म्हणाली, "उद्या रोजच्यावानी. जास्त न्हाय, कमी न्हाय."

सकाळी अख्खं काम थांबल्यासारखं झालं. पुरुष आपापल्या खड्ड्यात होते पण माना आमच्याकडं. आईनं भुईला हात लावून कपाळाला लावला आणि टिकाव उचलला. वरची माती मऊ होती. आमच्या पाट्या भराभर भरत होत्या, आम्ही उडत होतो. मला वाटत होतं, आज दाखवूच. मी पळत बांधावर गेले, पळत आले, आणि आई म्हणाली, "चाल. पळू नगंस."

"आई, लोक बगत्यात."

"बगू द्यात. रोज पळतीस का?"

रोज जेव्हा बसायचो तेव्हा तिनं आम्हाला बसवलं. बजाबाईनं मशेरीची पुडी काढली आणि सावकाश दातांवर बोट फिरवायला लागली. पुरुषांच्या बाजूनं आरोळी आली, दमला असाल तर बाज आणू का. "आन की," बजाबाई म्हणाली, "पन डेकनाची आनू नगंस. तुजी हाय तसली." मी हसले नाही. मला बसवत नव्हतं. पायाखाली जणू विस्तव होता.

जेवणाच्या आधी टिकाव वाजला. त्याचा आवाज बदलला. आईनं पुन्हा मारला, पुन्हा तसाच टणक आवाज, आणि टोकापाशी ठिणगी. मातीच्या खाली मुरूम होता, पिवळट, दगडाच्या जातीचा. तात्यांनी ही जागा का दाखवली ते सगळ्यांना एकदम कळलं. आईचा टिकाव उसळून मागं येत होता. पाट्या रिकाम्या पडून राहिल्या. आम्ही उभ्या राहून बघत होतो आणि ऊन वर चढत होतं.

तात्या काठावर आले. उपरण्यानं तोंड पुसून मला म्हणाले, "शालन, तुज्या आईला सांग, अजून येळ गेली न्हाय. उगं हात फोडून घेऊ नगं म्हनाव."

आई कंबर सरळ करून उभी राहिली. पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता. तिनं तो घेतला नाही. तिनं मान वर केली आणि तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या जन्मापासून मी तिला असं बघताना पाहिलं नव्हतं.

"भावजी, जरा मागं सरा," ती म्हणाली. "खडा उडंल."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी मधे काहीतरी सांगेन. मी रिकामी पाटी उचलली. मग ते दोन पावलं मागं सरले आणि पुरुषांच्याच बाजूनं कुणीतरी फुस्सकन हसलं.

तेवढ्यात बाभळीला बांधलेल्या झोळीत अजीजाचं पोर रडायला लागलं. त्याची पाजायची वेळ झाली होती. धनगरवाड्याची थोरली म्हणाली, आज राहू दे, आधीच मागं पडलोय. अजीजासुद्धा म्हणाली, "रोन दो की जरा, गोजाक्का. मरता नै."

"रोज पाजतीस का न्हाय?"

"पाजती."

"मग पाज."

पोर पीत होतं तेवढा वेळ आम्ही सगळ्या बसलो. समोर शेकडो डोळे. मला ओरडावंसं वाटत होतं. आई मात्र खड्ड्याच्या कडेला, जिथं मातीखालून मुरमाची कड उघडी पडली होती, तिथं बोटं फिरवत होती. तिनं नख घातलं. एक पातळसा तुकडा निघून तिच्या हातात आला. तो तिनं बजाबाईला दाखवला. मुरूम थरांचा होता, भाकरीला पापुद्रा असतो तसा.

पोराला झोळीत टाकून आम्ही उठलो तेव्हा आईनं वरून मारायचं सोडलं. ती कडेला वाकली, टिकावाचं टोक आडवं थराच्या फटीत घातलं आणि दांड्यावर भार दिला. ताटाएवढी चीप उचलून आली. बजाबाईनं दुसरी काढली. मग तिसरी. आता आवाजच वेगळा होता, करकरत सुटल्याचा. आम्ही फावड्यानं न भरता हातांनीच चिपा पाट्यांत रचत होतो. पाट्या जड झाल्या, माना दुखायला लागल्या, आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. अजीजा काहीतरी गुणगुणायला लागली. धनगरवाड्याच्या जावांनी पाटी उचलताना सूर धरला. लांबच्या खड्ड्यातली एक बाई पाटी खाली ठेवून उभी राहिली आणि तिच्या मुकादमानं हाक मारली तरी हलली नाही. ती मथुराचुलती होती.

ऊन कलायला लागलं. किती झालं, किती राहिलं, कुणालाच कळत नव्हतं. आम्ही जोरात होतो, अजून उजेड होता. आता पुरुषांतलेच काही जण काठावर बसून, मारा की, अजून हाणा म्हणत होते. आणि आईनं टिकाव खाली ठेवला.

"बास. रोज ह्याच टायमाला हात धुतो."

मी तिच्या हाताला धरलं. मी तिला म्हटलं की कमी पडलं तर सगळं जाईल. ती म्हणाली, "आनि जास्त झालं तर?" तिलाही माहीत नव्हतं. ती आठवड्याभराच्या अंगाच्या सवयीवर सगळं टाकून बाजूला झाली होती.

लालसाब खड्ड्यात उतरले. खुंटाच्या माथ्यावर फीत धरली. बिराजदारसाहेबांनी मापं घेतली, कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग उठून झाडलेल्या खड्ड्याकडं गेले आणि त्याच्या काठावर उभे राहिले. आम्ही त्यांच्या मागं. सगळी माणसं आमच्या मागं.

"वर नाही गेलं," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा कागदाकडं बघितलं.

"थोडं खाली आलंय. खोलगट जागा धरली तर एवढंच यायला पाहिजे." त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. ते हसत होते. "टोळी राहिली."

अजीजानं मला मिठी मारली. आम्ही दोघी धपकन मातीत पडलो. बजाबाई हसता हसता खोकायला लागली, तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. आई उभीच होती. तिनं साहेबांना विचारलं, खाली का आलं.

"तुम्हीच सांगा."

"मुरूम लागला म्हनून."

"दिसतंय मला," साहेब म्हणाले, आणि त्यांनी एकदा तात्यांकडं बघितलं.

पगाराच्या दिवशी पैसे आईच्या हातात पडले. तिनं प्रत्येकीचे तिच्या तळहातावर ठेवले, मग आपल्या दोघींचे मुठीत घेतले. कनवटीला लावले नाहीत. तशीच मूठ मिटून ती घरापर्यंत चालत आली, दार उघडायलाही दुसरा हात वापरला. मी तिच्या बाजूनं चालत होते आणि मला वाटत होतं, रस्ता संपू नये.

पुढं मी पुन्हा शाळा धरली आणि शिकायला सोलापूरला गेले. तिथल्या ग्रंथालयात त्या दुष्काळावरचे अहवाल मिळाले, जाडजूड. सरकारनं खर्च केलेला पैसा गरिबापर्यंत पोचतो का, यावर विद्वानांनी वाद घातलेले. मी ते सगळे वाचले. घराच्या दारापर्यंत पोचलेला पैसा दाराच्या आत कुणाच्या हातात जातो, हे मी त्यांत शोधत राहिले. या माघात आईला शेवटची अंघोळ घालताना तिचे हात मी बराच वेळ धरून ठेवले. टिकावाच्या दांड्याचे घट्टे अजून तिथं होते. शेजारच्या बायका घाई करत होत्या, म्हणून सोडले.

त्या उन्हाळ्यात, पगारानंतरच्या पहिल्या सकाळी आम्ही कामावर पोचलो तेव्हा मथुराचुलती आमच्या खड्ड्याच्या काठावर बसलेली होती. पाटी शेजारी उपडी. लांबून तात्यांच्या हाका येत होत्या. एकदा, दोनदा, मग नावासकट शिवी. चुलतीचे खांदे प्रत्येक हाकेला आत आत जात होते, पण ती उठली नाही. आई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. दोघी जावा, एका वाड्यात नांदलेल्या.

शेवटी चुलतीनं टिकावाकडं बोट केलं. "मला जमंल का गं?"

आईनं टिकाव उचलून तिच्या हातात दिला.

"आदी पदर खोच," ती म्हणाली.